थांबलेल्या पत्रांचा खण

माझ्या हातात स्टॉपवॉच पहिल्यांदा आलं ते नोकरीत. शाळेत खेळाच्या सरांच्या गळ्यात एक असायचं, पण ते पळणाऱ्या मुलांसाठी होतं. आम्ही मुली मैदानाच्या कडेला लेझीम करायचो. त्यामुळे विभागीय कार्यालयातल्या साहेबांनी ड्रॉवरमधून स्टॉपवॉच काढून माझ्यापुढे ठेवलं आणि "सांभाळून वापरा, सरकारी आहे," असं म्हणाले, तेव्हा मी ते दोन्ही हातांनी उचललं. साहेब हसले असावेत. मला वर बघायचं धाडस झालं नाही.

टपाल खात्यात निरीक्षक म्हणून लागून मला वर्षही झालं नव्हतं. प्रोबेशन चालू होतं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलेलं नव्हतं. सेनगाव तालुक्यातलं आमचं गाव, तिथे सातवीपर्यंत शाळा. पुढे कळमनुरीच्या वसतिगृहात राहून शिकले आणि नांदेडला पदवी घेतली. वडील आयुष्यभर दुसऱ्यांच्या शेतावर राबले. मी नोकरीला लागल्यावर गावात कुणी विचारलं तर ते सांगायचे, "आमची बाई पोस्टात साहेब हाय." मी कितीदा समजावलं, मी साहेब नाही, साहेबांच्या हाताखाली आहे. ते म्हणायचे, "मंग काय झालं, साहेबाच्या जवळ तर हाय."

स्टॉपवॉच मिळालं ते एका छाननी कार्यालयाच्या पाहणीसाठी. हिंगोली जिल्हा नुकताच परभणीतून वेगळा झाला होता. आजूबाजूच्या गावांचं टपाल थैल्यांमधून त्या कार्यालयात यायचं. तिथे लाकडी खणांची एक मोठी मांडणी होती, एकेका गावासाठी एकेक खण. सॉर्टर लोक पत्ता वाचून पत्र त्या त्या खणात टाकायचे आणि दुपारी चारच्या सुमाराला त्यांच्या थैल्या बांधून, लाखेचं सील लावून एसटीने गावोगाव जायच्या. सॉर्टर तीन होते. मला बघायचं होतं की तिघांची खरंच गरज आहे का. दोघांत भागत असेल तर तिसरी जागा कमी होणार होती आणि त्या जागेवरचा माणूस दूरच्या मोठ्या शहरातल्या कार्यालयात जाणार होता. माझ्या स्वतंत्र पाहणीचा हा पहिला अहवाल. तो चांगला झाला तर प्रोबेशनचं काही बघायला नको, असं साहेब म्हणाले होते.

कार्यालयाचे मुख्य सॉर्टर वयस्कर होते, पांढरी आखूड दाढी, खिशाला दोन पेनं. सगळे त्यांना चाचा म्हणत. मी पहिल्या दिवशी आत गेले तर त्यांनी स्वतःची खुर्ची माझ्याकडे सरकवली.

"आओ मॅडम, बसा. ही घ्या, ती दुसरी हलते. आमच्यातल्या कुणाला पाडायचं असलं तर तिच्यावर बसवतो."

दुसऱ्या सॉर्टरला मास्तर म्हणत, कारण नोकरीआधी तो शिकवण्या घ्यायचा. त्याचा हात यंत्रासारखा चालायचा. पत्र उचललं, नजर टाकली, खणात गेलं. मी स्टॉपवॉच दाबलं की तो शर्टाच्या बाह्या वर करायचा, जणू कुस्ती लागली आहे. पुस्तकात मिनिटाला किती पत्रं व्हायला हवीत याचा आकडा छापलेला होता. मास्तर तो रोज ओलांडायचा आणि माझ्या वहीत डोकावून खात्री करून घ्यायचा.

तिसरे होते दादा. पन्नाशीच्या जवळपासचे, जाड काचांचा चष्मा, शांत. ते पत्र उचलायचे, वाचायचे, पुन्हा वाचायचे. कधी उलटं करून मागे पाठवणाऱ्याचं नाव बघायचे. कधी चष्मा कपाळावर नेऊन अक्षराकडे नुसतं बघत बसायचे. पुस्तकातल्या आकड्याच्या निम्म्यालाही ते पोचत नव्हते.

"मॅडम, दादाला घड्याळ काहून लावता?" मास्तर म्हणाला. "दादाला कॅलेंडर लावा."

चाचा हसले. दादाही हसले आणि परत पत्त्याकडे वळले. मी हसले नाही, कारण मी अधिकारी होते आणि अधिकाऱ्याने हसायचं की नाही हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी चहाच्या वेळी दादांनी मला गाव विचारलं. मी सांगितलं. त्यांनी आडनाव विचारलं, तेही सांगितलं.

"म्हंजे तुमचं घर वढ्याच्या अंगाला," ते लगेच म्हणाले. "समाजमंदिराच्या मागं."

माझ्या आडनावावरून घर गावाच्या कुठल्या अंगाला असेल हे मला आजवर बऱ्याच जणांनी सांगितलं होतं, आणि त्यानंतर त्यांच्या बोलण्यात काहीतरी बदललेलं मला कळायचं. मी कप खाली ठेवून वहीत मान घातली. पण दादांचं बोलणं संपलं नव्हतं.

"तिथं एक लिंबाचं झाड व्हतं. माझा बाप त्याच्याखाली बांगड्याचा पेटारा उतरवायचा. मी बी संग असायचो. तुमच्याकडच्या बाया बापाशी लई भांडायच्या, म्हणायच्या, तू बांगडी मोठी देतो, हातातून गळून पडती. बाप म्हणायचा, माय, मी बराबरच देतो, दिवसभर पाण्यात हात घालून तूच बारीक व्हऊन राहिली."

मी वर बघितलं. ते माझ्याकडे बघतच नव्हते. ते बशीत चहा ओतत होते.

तर दादा बांगडीवाल्याचे. लहानपणी वडिलांबरोबर गावोगाव, बाजारोबाजार फिरलेले. कोणत्या गावात कोणती आडनावं, कोणाची मुलगी कुठे दिली, कोणाची सून कुठल्या गावची, हे त्यांना पाठ होतं. आणि ते पाठ जुनं होऊ नये याचीही सोय होती. त्यांची बायको कार्यालयाच्या गावातच बांगड्यांचं दुकान चालवायची, एका पत्र्याच्या शेडमध्ये. आजूबाजूच्या खेड्यांतल्या बायका बाजाराला आल्या की तिच्यापुढे हात करून बसत. बांगड्या भरताना बायका गप्प बसत नाहीत. संध्याकाळी दादांना गावांची ताजी खबर मिळायची.

हे मला तेव्हा गमतीचं वाटलं. कामाचं वाटलं नाही. मी वहीत लिहिलं नाही.

तसाच एक खण मी बघून सोडून दिला होता. मांडणीच्या खालच्या ओळीत, कोपऱ्यात, त्याच्यावर गावाची चिठ्ठी नव्हती. दादा दिवसातून काही पत्रं त्यात टाकायचे. बहुतेक अपुऱ्या पत्त्याची. नुसतं "पुसेगाव" लिहिलेली त्यात बरीच असत. पुसेगाव आपल्या सेनगाव तालुक्यातही आहे आणि तिकडे साताऱ्याकडेही आहे, ते मोठं, सगळ्यांच्या ओळखीचं. बाहेरचे लोक पिनकोड लिहीत नसत, जिल्हा लिहिला तर जुनाच, परभणी. मग आपलं पत्र तिकडे जायचं, तिकडचं इकडे यायचं. मला वाटलं, संध्याकाळी या खणातली पत्रं नियमाप्रमाणे परत पाठवत असतील. मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

आठवडाभर मोजणी करून मी विभागीय कार्यालयात परतले आणि पाहणीचा दुसरा भाग सुरू केला. तो गुप्त असायचा. त्याला चाचणी कार्डं म्हणत. वेगवेगळ्या ठिकाणच्या पेट्यांत पोस्टकार्डं टाकायची, ती खेड्यापाड्यांत किती दिवसांनी पोचतात ते बघायचं, आणि मधल्या छाननीत किती वेळ गेला ते काढायचं. नियमाने कार्डं खऱ्या माणसांच्या नावे टाकावीत, ओळखीच्या, ज्यांना आधी सांगून ठेवलेलं असतं. पण मला वाटलं, खऱ्या माणसाला सांगितलं तर बातमी फुटेल. खेड्यात काही लपत नाही हे मला माझ्या गावावरून माहीत होतं. म्हणून मी डोकं चालवलं. गावं खरी घेतली आणि माणसं मनाने तयार केली. माझ्या कॉलेजातल्या मुलींची नावं, एकीचं नाव आणि दुसरीचं आडनाव. त्या त्या गावच्या पोस्टमास्तरांना बंद पाकिटातून कळवलं की या नावाचं कार्ड आलं की तारखेचा शिक्का मारून मला परत पाठवा. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कार्डं डाव्या हाताने लिहिली. एका संध्याकाळी खोलीवर बसून पंचवीसेक कार्डं डाव्या हाताने लिहिताना मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

कार्डं परत येऊ लागली आणि मी तारखा बघत बसले. एका दिवसात पोचायची ती तीन-तीन, चार-चार दिवसांनी पोचली होती. सगळी त्याच छाननी कार्यालयातून गेलेली. काही तर परत आलीच नव्हती. मोजणीत तिसरा सॉर्टर निम्म्यावर, आणि वर टपाल उशिरा. म्हणजे तिसऱ्या माणसाचा उपयोग होत नाही. अहवाल जणू स्वतःच लिहिला जात होता. मी कच्चा मसुदा केला. तिसरी जागा कमी करावी. वाक्य छोटं होतं. ते लिहून मी जेवायला गेले आणि जेवण गेलं नाही, एवढंच मला आठवतं.

मोजणीच्या तक्त्यांवर मुख्य सॉर्टरची सही लागायची. त्यासाठी मी पुन्हा त्या कार्यालयात गेले. चाचांनी चहा मागवला, तक्ते वाचले, एकेका पानावर सही केली. त्यांनी काही विचारलं नाही. विचारलं मास्तरने.

"मॅडम, जागा जाऊन राहिली म्हणतात. खरं हाय का?"

"अजून काही ठरलेलं नाही," मी म्हणाले. अधिकाऱ्यांनी असं म्हणायचं असतं हे मी तोवर शिकले होते.

मास्तरने वर केलेल्या बाह्या खाली सोडल्या.

तेवढ्यात दादा कोपऱ्यातल्या खणाजवळून उठून आले. हातात सात-आठ पोस्टकार्डं होती.

"मॅडम, तुमी तिकडल्याच हाव. जरा ही बघा बरं. मला तर काई पत्ता लागून न्हाई राहिला."

मी पहिलं कार्ड हातात घेतलं आणि अक्षर बघितलं. वाकडं, कोपरे मोडलेलं, डाव्या हाताचं.

"हे गाव तुमच्या गावाच्या शेजारचं," दादा सांगत होते. "तिथं हे आडनाव न्हाई. मला माहीत हाय, न्हाईच. म्हटलं नवी सून आली असंल. मंडळीला सांगितलं, दुकानात त्या गावच्या बाया आल्या की इचार. तीन दिस इचारून राहिली. कोणी म्हणतंय अशी बाई न्हाई. एकीनं सांगितलं, शाळेवर नवी मास्तरीण आली, ती असंल. निरोप धाडला, तिचं नाव दुसरंच निघालं."

"बाकीची कुठं आहेत?" मी विचारलं.

"आधी बी आली व्हती अशी. दोन-तीन दिस ठेवली. मंग इलाज न्हाई म्हणून दिली पाठवून, म्हटलं गावचा पोस्टमास्तर बघंल काय ते. पण मला काई चैन पडंना. अक्षर बघा ना मॅडम. लिहिणाराला पेन धरता येऊन न्हाई राहिला. म्हातारं माणूस असंल, न्हाईतर हाताला तकलीफ असंल. एवढ्या तकलीफीनं कोण लिहितंय, आन् आपण ते नुसतं परत धाडायचं?"

खोलीत लाखेचा वास होता. मी कार्डं टेबलावर ठेवली.

"दादा, ही माझी आहेत."

"आँ?"

"मी लिहिलीत. डाव्या हाताने. ही माणसं नाहीत. तपासणीसाठी मी नावं तयार केली होती."

सगळ्यात आधी मास्तर हसला. इतका हसला की त्या हलत्या खुर्चीवरून पडायचाच बाकी राहिला. "दादा, वहिनीनं अख्ख्या तालुक्यात सून शोधली, आन् सून निघाली मॅडमच्या डाव्या हाताची!" चाचांनी त्याला हाताने थांबवलं, पण त्यांची दाढीही हलत होती.

दादा हसले नाहीत. त्यांनी कार्डं परत उचलली, एकेक बघितलं.

"म्हंजे यांची वाट कोणी बघून न्हाई राहिलं?"

"नाही."

"मंग बरं झालं," ते म्हणाले आणि खुर्चीवर बसले.

मी मात्र बसू शकले नाही. कारण मला एकदम दोन गोष्टी कळल्या होत्या. टपाल उशिरा पोचलं ते माझ्या खोट्या नावांमुळे, म्हणजे माझी चाचणी चुकीची होती आणि तिच्यावर लिहिलेला मसुदाही. आणि दुसरी गोष्ट जास्त वाईट होती. आलेलं पत्र त्याच दिवशी पुढे गेलं पाहिजे, ते रात्रभर कार्यालयात ठेवता येत नाही, असा नियम आहे. दादांचा कोपऱ्यातला खण म्हणजे रोजचा नियमभंग होता. माझी चूक मी कबूल करायची तर कार्डं का अडकली हे सांगावं लागणार, आणि ते सांगितलं की खण उघडा पडणार. नाही सांगितलं तर जागा जाणार. चाचांना हे माझ्याआधी कळलं होतं. त्यांनी मास्तरला चहाचे कप परत द्यायला बाहेर पाठवलं.

"बेटी," ते म्हणाले, पहिल्यांदाच मॅडम सोडून. "त्या खणाची जिम्मेदारी माझी हाय. बारा साल झाले, मला माहीत हाय. माझं नाव लिहा. माझे दोन साल राहिले. माझं काय होणार?"

"चाचा, तुमी उगा मधात पडू नका," दादा म्हणाले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, मला कुठं धाडतील?"

मी शहराचं नाव सांगितलं.

त्यांनी चष्मा कपाळावर नेला. "मंडळीचं दुकान इथं. पोरी इथं शाळंत. ते तर व्हईल कसंबी, लोक राहतातच. पण मॅडम, मला तिथल्या गल्ल्या माहीत न्हाईत. कोण कोणाचं हे माहीत न्हाई. मिनिटाला मोजाल तर मी असा हाय," त्यांनी मास्तरच्या रिकाम्या खुर्चीकडे हात केला, "याच्या निम्मा. मी तिथं काय कामाचा?"

मी त्यांना एवढंच म्हणाले, की मला अजून एक आठवडा द्या. जणू आठवडा त्यांच्याकडे होता आणि मी मागत होते.

तो आठवडा मी रोज तिथे गेले. रोज त्या खणात जी पत्रं पडली त्यांची यादी केली. कुठून आलं, पत्त्यात काय नाही, दादांनी काय ठरवलं, कसं ठरवलं, शेवटी कुणाला मिळालं. गावोगावच्या पोस्टमास्तरांना कळवून मिळाल्याची सही मागवली. मी स्वतः दोन गावांना जाऊन आले. एका गावात एक म्हातारी दाराशी बसली होती. तिच्या भावाने पत्रावर तिचं माहेरचं लाडाचं नाव लिहिलं होतं, जे सासरी कुणालाच माहीत नव्हतं. मी ते नाव घेऊन विचारलं तर तिने पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, "ह्या नावानं मला कोणी हाक मारली, बाई? तू कोणाची?"

पुसेगावची पत्रं वेगळी काढली. साताऱ्याकडे जाऊन परत आलेल्या जुन्या पाकिटांवरचे शिक्के पाहून तिथल्या खेपेला किती दिवस लागतात तेही लिहिलं. दादांच्या खणात पत्र एक रात्र, फार तर दोन-तीन रात्री थांबायचं. न थांबता गेलं असतं तर पंधरवड्याने परत आलं असतं, नाहीतर आलंच नसतं. मास्तर याद्या लिहायला मदत करायचा. त्याचा हात लिहिण्यातही तेवढाच जोरात चालायचा आणि अक्षर वाचायला दादांना बोलवावं लागायचं.

अहवाल मी तीनदा लिहिला. पहिल्या दोनदा त्यात दादांची बाजू जास्त आली, ती मी खोडली. तिसऱ्यांदा जे घडलं ते क्रमाने लिहिलं. चाचणी कार्डांसाठी मी काल्पनिक नावं वापरली, हे नियमाला धरून नव्हतं. त्यामुळे आलेले निष्कर्ष ग्राह्य धरू नयेत. कार्यालयात संदिग्ध पत्त्याची पत्रं रात्रभर ठेवली जातात, हेही नियमाला धरून नाही. त्या पत्रांची यादी सोबत जोडली आहे. खाली सही केली.

मधल्या रविवारी मी गावी गेले होते. वडिलांनी विचारलं, "काम कसं चालू हाय?" मी म्हटलं, "चांगलं." माझ्या कागदांत काय लिहिलं जाणार आहे ते त्यांना सांगायची हिंमत झाली नाही. आईला मात्र बांगडीवाल्याबद्दल विचारलं. ती म्हणाली, "व्हय, यायचा. एक पोरगं असायचं संग, सगळ्याला नाव इचारत फिरायचं. आमी म्हणायचो, तुला काय करायचं रे आमच्या नावाचं?"

साहेबांनी अहवाल माझ्यासमोर वाचला. चष्मा काढला, पुसला, परत लावून यादी वाचली. यादीवर ते बराच वेळ होते.

"तुम्ही चाचणी कुणाची घेतली? कार्यालयाची की स्वतःची?"

उत्तराची वाट न बघता त्यांनी पान उलटलं.

"काल्पनिक नावं! कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही, सर. माझीच चूक झाली."

"आणि हे सगळं असं लिहून कशाला आणलंत? नुसतं 'चाचणी पुन्हा घ्यावी' म्हटलं असतं तरी चाललं असतं."

"मग खण तसाच राहिला असता, सर. पुढच्या तपासणीत सापडला असता, आणि तेव्हा यादी नसती."

साहेब हसले नाहीत, पण त्यांनी पेन उघडलं. माझ्या फाइलवर शेरा पडला, चाचणीपत्रांच्या कामात निष्काळजीपणा. दादांना लेखी ताकीद मिळाली. कोणतंही पत्र रात्री कार्यालयात राहणार नाही, चारची थैली बंद व्हायच्या आत त्याचा निकाल लागला पाहिजे, असा आदेश निघाला. आणि शेवटी एक ओळ, संदिग्ध पत्त्यांच्या कामासाठी तिसरी जागा कायम ठेवावी. पुढच्या एका पाहणीत ती कमी करायची गोष्ट पुन्हा निघाली होती, पण माझी यादी दाखवल्यावर जागा राहिली. दादा त्याच खुर्चीवरून निवृत्त झाले. माझं प्रोबेशन सहा महिन्यांनी लांबलं. वडिलांना मी ते कधीच सांगितलं नाही. ते अजूनही मला साहेबच म्हणतात, आणि आता मी त्यांना दुरुस्त करत नाही.

आदेश निघाल्यावर महिनाभराने मी त्या कार्यालयात गेले. तीन वाजत आले होते. मास्तरचा हात चालू होता. कोपऱ्यातला खण रिकामा होता. दादांची खुर्चीही रिकामी होती.

"कुठं गेले?"

"ताकीद मिळाली न त्यांना," मास्तर म्हणाला. "रात्री पत्र ठेवायचं न्हाई म्हणून. तवापासून चहा सोडला. चहाच्या सुट्टीत स्टँडवर असतात."

चाचांनी खिडकीतून एसटी स्टँडकडे बोट केलं. "जा बेटी. बघा तमाशा."

स्टँडवर गर्दी होती. सेनगावच्या फलाटाला गाडी लागली होती, बाजार करून आलेल्या बाया पिशव्या खिडकीतून आत टाकून जागा धरत होत्या. दादा त्या गाडीच्या दाराशी उभे होते. हातात चिठ्ठी. पत्रं कार्यालयाबाहेर नेता येत नाहीत, म्हणून त्यांनी नुसती नावं उतरवून आणली होती. एकेका बाईला थांबवून विचारत होते. मला बघून त्यांना आनंद झाला की संकोच, ते कळलं नाही. त्यांनी घड्याळाकडे बघितलं आणि चिठ्ठी मधोमध फाडून अर्धी माझ्या हातात दिली.

"तुमी नरसीच्या गाडीकडं बघा. मी हे करतो. पाऊण घंटा हाय."

मी नरसीच्या गाडीकडे पळाले. कंडक्टर पायरीवर उभा राहून तंबाखू मळत होता. मी चिठ्ठीवरचं पहिलं नाव वाचलं.

"कोण हाव तुमी?" त्याने विचारलं.

"पोस्टातली."

"बांगडीवाल्या दादाची माणसं वाढली म्हणायची," तो म्हणाला. मग त्याने आत तोंड करून हाळी दिली, "ए माय, मागच्या सीटवाल्या! हे नाव तुमच्या गावचं हाय का?" आतून तीन बाया एकदम बोलल्या. एक म्हणाली हो, एक म्हणाली नाही, तिसरी म्हणाली आहे, पण ती आता लेकीकडे असते, त्या गावाचं नाव लिहून घ्या. मी पेन काढलं.